शत्रू कुठून येणार हे आधीच ठाऊक असेल, तर ल्युथेन लढायचं कसं?

बगलबच्चा (धागाकर्ता)

मंडळी, टेबलावर छोटे शिपाई मांडून जुन्या लढाया पुन्हा लढायच्या आपल्या खेळात रविवारी आमचं ल्युथेन तिसऱ्यांदा फसलं. फासे वाईट पडले असं नाही, फासे बिचारे नेहमीसारखेच पडले. ऑस्ट्रियाची बाजू घेतलेल्या मित्राने पहिल्याच चालीत सगळी राखीव फौज उचलून डाव्या बगलेला नेऊन ठेवली आणि हाताची घडी घालून बसला. "ये आता," म्हणाला. मी प्रशियाचा राजा फ्रेडरिक, माझ्याकडे निम्मं सैन्य. कुठून येऊ?

ज्यांना ही लढाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 5 डिसेंबर 1757, सप्तवार्षिक युद्ध, सायलीशिया. ऑस्ट्रियाचे साठ हजारांहून जास्त लोक, सेनापती लोरेनचा राजपुत्र कार्ल. फ्रेडरिककडे पस्तीस हजारांच्या आसपास. ऑस्ट्रियाची फळी उत्तरेला निपर्नपासून दक्षिणेला झागश्युट्झपर्यंत सहा-सात किलोमीटर ताणलेली, तोंड पश्चिमेला. फ्रेडरिकने सकाळी बोर्ना गावाजवळ पुढच्या तुकडीला झोडपलं आणि उत्तरेच्या बगलेसमोर असं काही दाखवलं, की तिकडचा सरदार लुकेसी मदतीसाठी निरोपांवर निरोप धाडू लागला. कार्लने राखीव फौज तिकडे पाठवली. तेवढ्यात प्रशियाचं मुख्य सैन्य बुटक्या टेकड्यांच्या आडून दक्षिणेला सरकलं. ऑस्ट्रियाच्या गोटात समजूत अशी, की हे माघार घेताहेत, जाऊ दे. दुपारी एकच्या सुमारास डाव्या बगलेवर घाव पडला आणि फळी दक्षिणेकडून गुंडाळली जायला लागली. संध्याकाळपर्यंत ऑस्ट्रियाचे बावीस हजारांच्या आसपास लोक गेले. त्यातले बारा हजार नुसते कैदी.

म्हणजे ही अख्खी लढाई एका हुलीवर उभी आहे. आणि आमच्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ती हूल पाठ आहे.

आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगतो. पहिल्या वेळी नियम केला की ऑस्ट्रियाची राखीव फौज पाच चाली हलणारच नाही. ऑस्ट्रियावाला पाच चाली मोबाइल बघत बसला. बरोबरच होतं त्याचं, त्याला करण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं मी. दुसऱ्या वेळी लढाई थेट दुपारी एकला सुरू केली, प्रशियन दक्षिणेला पोचलेत असं धरून. ती लढाई नव्हतीच. ऑस्ट्रियाची निम्मी फळी भलतीकडे तोंड करून उभी, तिला वळायलाच चार चाली. फ्रेडरिकची सगळी करामत आधीच होऊन गेलेली, माझ्या वाट्याला फक्त वसुली. तिसऱ्या वेळी कुठलंच बंधन नाही. त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

तर प्रश्न असा: अठराव्या शतकातली लढाई पुन्हा लढताना आपण नक्की काय पुन्हा लढतो? माणसं, तोफा, टेकड्या सगळं मांडता येतं. कार्लच्या डोक्यातलं अज्ञान कसं मांडायचं?

नवशिक्या_फासे

वाचतोय. खूप बाळबोध प्रश्न आहे, रागावू नका. मी या छंदात नवीन आहे, 28 मिमी उंचीचे वीस प्रशियन ग्रेनेडियर (निवडक पायदळातले शिपाई) रंगवून झालेत, त्यांच्या त्या उंच टोप्या रंगवताना डोळे गेले. एवढ्यावर ल्युथेनची सुरुवात करता येईल का?

नकाशेवाली

@नवशिक्या_फासे, रागवायचं कशाला! पण रंग विकत घेण्याआधी पट्टी हातात घ्या, एवढंच सांगेन.

सहा फुटी टेबल म्हणजे 183 सेंटिमीटर. ऑस्ट्रियाची फळी सात किलोमीटर धरली, तर 1 सेंटिमीटरला 40 मीटर हे प्रमाण घ्यावं लागतं, तेव्हा कुठे ती 175 सेंटिमीटरमध्ये बसते. आता या प्रमाणात तुमचा 28 मिमीचा ग्रेनेडियर 112 मीटर उंच झाला. बंदुकीचा उपयोगी पल्ला शंभरेक मीटर, म्हणजे टेबलावर अडीच सेंटिमीटर. तुमचा शिपाई आडवा पडला तर त्याचं डोकं त्याच्याच गोळीच्या पुढे जाईल. सातशे लोकांची पलटण तीन रांगांत उभी राहिली की साधारण 140 मीटर जागा घेते. टेबलावर साडेतीन सेंटिमीटर. तिथे 28 मिमीचे दोन शिपाई दाटीवाटीने उभे राहतील. आणि ल्युथेन गावासाठी एक घर ठेवलंत की ते चारशे मीटरचं, गाव संपलं.

म्हणून या लढाया 6 मिमीत खेळतात. साडेतीन सेंटिमीटरच्या पट्टीवर आठेक शिपाई, लांबून बघितलं की खरंच पलटण दिसते. रंगवायलाही सोपं. कोट निळा, पट्टे पांढरे, चेहऱ्याला एक ठिपका, झालं.

तुमचे वीस ग्रेनेडियर वाया गेले नाहीत. एका चौकीवरची, एका पुलावरची झटापट खेळा, तिथे 28 मिमी शोभतं.

तोफगोळा

बगलबच्चा राव, तुम्ही फार मनाला लावून घेता. खेळ आहे, खेळ म्हणून खेळा. हूल पाठ आहे ना सगळ्यांना? मग ल्युथेन नका खेळू. ज्या लढाईत फारसं काही लपलेलं नव्हतं ती घ्या. फोंतेन्वा, 11 मे 1745. फ्रेंच सेनापती मार्शल साक्सने मोर्चे आधीच बांधून ठेवलेले, उजवीकडे ऑन्त्वान, मध्ये फोंतेन्वा, डावीकडे जंगल आणि जंगलाच्या तोंडाशी बुरूज. दोन्हीकडे पन्नास-पन्नास हजारांच्या आसपास. समोरचा सेनापती कम्बर्लंड, त्याला बहुतेक सगळं समोर दिसत होतं, तरी ब्रिटिश आणि हॅनोव्हरचं पायदळ गाव आणि जंगल यांच्या मधून सरळ आत घुसलं आणि फ्रेंचांची फाफलली. साक्स जलोदराने इतका बेजार होता की वेताच्या गाडीतून फिरवत होते त्याला. आता सांगा, इथे इतिहास पाठ असून काय फरक पडतो? जंगलाच्या तोंडचा बुरूज आधी घ्यायला हवा हे कळतं, पण घ्यायचा म्हणजे फासे टाकायलाच लागतात.

हवं तर मी फ्रेंच घेतो. वेताची गाडी मी स्वतः बनवली आहे, काड्यापेटीतल्या काड्यांची.

जुना_पंच

तोफगोळा म्हणतात ते खरं असलं तरी ती पळवाट आहे. धागाकर्त्याचा प्रश्न तसाच राहतो. आणि तो नवीनही नाही, दोनशे वर्षं जुना आहे.

1780 मध्ये ब्रुन्सविकच्या हेल्विगने बुद्धिबळ वाढवून युद्धाचा पट केला. चौकोनांवर सोंगट्या, सगळं सगळ्यांना उघड. मग प्रशियात रायस्विट्झ बापलेक आले. मुलाने 1824 मध्ये जो खेळ पुढे आणला त्यात चौकोन गेले आणि 1:8000 प्रमाणाचे खरे नकाशे आले. एक चाल म्हणजे दोन मिनिटं. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी गोष्ट फाशांचे तक्ते नव्हेत. दोन्ही बाजूंच्या मध्ये त्याने पंच बसवला. खेळाडूने हुकूम लेखी द्यायचा, पंचाने तो पार पाडायचा आणि शत्रूचं जेवढं दिसू शकेल तेवढंच नकाशावर मांडायचं. टेकडीपलीकडची पलटण नकाशावर येतच नाही. 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वाने तर तक्तेही बाजूला सारले. अनुभवी पंच सांगेल तो निकाल.

आपण रंगवलेल्या शिपायांच्या प्रेमात पडलो आणि पंचाला घरी पाठवलं, तिथे बिनसलं. सगळं सैन्य टेबलावर उघडं मांडायचं आणि मग "अज्ञान कुठे गेलं" म्हणून शोधत बसायचं!

पंच मिळत नसेल तर निदान एवढं करा. शिपायांऐवजी कोऱ्या चकत्या ठेवा, प्रत्येक बाजूला दीडपट. काही चकत्यांखाली सैन्य, काहींखाली नुसती हवा. शत्रू ठरावीक अंतरात आला की चकती उलटायची.

(अवांतर: तीस वर्षं पंचगिरी केल्यावर सांगतो, पंचाला खेळायला मिळत नाही ही तक्रार खोटी आहे. दोघांची तोंडं एकाच वेळी पाहणारा टेबलावर तो एकटाच असतो.)

बगलबच्चा

पंचकाका, चकत्या करून पाहिल्यात. चकत्यांनी सैन्य लपतं, लढाई लपत नाही. टेबलावर "झागश्युट्झ" ही पाटी दिसली की चकतीखाली काय आहे हे बघायची गरजच उरत नाही.

सावली

+1 काकांना.

प्लासीची गंमत सांगते. 23 जून 1757, म्हणजे त्याच वर्षीची. क्लाइव्हकडे तीनेक हजार माणसं, नवाबाकडे कागदावर पन्नास हजार. आमच्याकडे दोघांनी हौसेने मांडली. नवाब झालेल्याने पहिला प्रश्न विचारला, "मीर जाफर माझ्या टेबलावर कशाला ठेवलाय? काढा त्याला." काढला तर अर्धी फौज गेली, ठेवला तर ती उभीच राहणार हे त्याला ठाऊक. शेवटी त्याने पहिल्या चालीत आपली उरलेली फौज मीर जाफरवरच घातली. क्लाइव्ह आंब्याच्या राईत बसून नुसता बघत होता.

पावसाचा नियम मात्र झकास जमला. दुपारनंतर फासा टाकायचा, पाऊस आला तर ज्याने दारूवर ताडपत्री टाकायचा हुकूम आधी लिहून ठेवला नसेल त्याच्या तोफा बंद. ताडपत्री सगळ्यांना माहीत असूनही दोनदा लिहायची राहिली. एकदा तर क्लाइव्हकडूनच!

नकाशेवाली

सावली, हे ताडपत्रीचं मला फार पटलं. माहीत असणं वेगळं आणि ऐन गडबडीत आठवणं वेगळं.

मला पानिपत आणायचंय इथे, कारण बगलबच्चा यांचा प्रश्न तिथे उलटा होतो. 14 जानेवारी 1761 आपल्या सगळ्यांना इतकी पाठ आहे की मराठ्यांची बाजू घेतलेला माणूस टेबलावर बसण्याआधीच हळवा झालेला असतो. पण त्या दिवशी सकाळी लपलेलं असं काय होतं? अब्दाली समोर, मध्ये मोकळं मैदान. भाऊंना काय करायचंय हेही ठरलेलं, इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आणि तोफा पुढे, बुणगे मध्ये, गोल करून सरकायचं. चूक माहीत असल्याने इथे काहीच सुटत नाही, कारण चूक त्या दिवसाची नाहीच. ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुरा घेतला, इतक्यात बागपतजवळ अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्लीची वाट तुटली. पुढे दोन महिन्यांहून जास्त कोंडी. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, अब्दालीची रसद तोडणारा हात गेला. 14 तारखेला टेबलावर येतात ती उपाशी माणसं आणि त्यांच्याहून उपाशी घोडी.

म्हणून मी लढाईआधी नकाशावर मोहीम खेळवते. मराठ्यांकडे दाण्याच्या पन्नास कवड्या. दर आठवड्याला सैन्याच्या तीन आणि बुणग्यांच्या तीन जातात. बुणगे किती हा आकडा खेळाडूला बदलता येत नाही. कवड्या संपत आल्या की घोड्यांची चाल एकेक सेंटिमीटर कमी होते. कधी बाहेर पडायचं ते खेळाडूने ठरवायचं. चार वेळा खेळलो, चारही वेळा मराठ्यांकडच्याने एक आठवडा जास्त वाट पाहिली. दर वेळी वेगळा माणूस होता.

तोफगोळा

ताई, मोहीम आवडली. पण मागे तुमच्या टेबलावर विंचूरकर-गायकवाडांचा नियम पाहिला होता, त्याच्याशी माझं भांडण आहे. दर चालीला फासा, एक पडला की त्यांचे स्वार हुकूम नसताना गारद्यांच्या पुढे घुसणार आणि इब्राहिमखानाच्या तोफा-बंदुका आपल्याच माणसांमुळे गप्प. असं घडलं म्हणून खेळाडूच्या डोक्यावर ते लादायचं? मग दुपारी विश्वासरावांसाठी पण फासा टाका, भाऊ हत्तीवरून उतरले त्याला पण टाका. खेळाडू कशाला हवा? फासेच लढू देत एकमेकांशी.

नकाशेवाली

लादलेलं नाही हो. नियम अर्धाच लक्षात राहिलाय तुमच्या. फासा फक्त तेव्हाच पडतो जेव्हा त्या स्वारांना सलग दोन चाली काहीच काम दिलेलं नसतं. आणि कवड्या संपल्या असतील तर एक *किंवा दोन* पडले तरी घुसतात.

डोळ्यांसमोर आणून बघा. गारदी समोरच्या रोहिल्यांना कापत चाललेत, तुम्ही स्वार, पोटात काही नाही, शेजारी दुसरा पराक्रम करतोय आणि तुम्हाला हुकूम काय, तर थांबा. गोलाची लढाई पायदळाच्या पावलाने चालते. जन्मभर गनिमी काव्याने लढलेल्याला ते पाऊल झेपत नाही. खेळाडू त्यांना काम देऊ शकतो, बगल राखायला पाठवू शकतो. पण मग मध्यावर माणसं कमी पडतात. भाऊंचा पेच हाच होता असं मला वाटतं, आणि तो खेळाडूच्या हातात पुरेपूर आहे.

अब्दालीलाही फुकट काही नाही. शाहवलीखानाची मधली फळी भाऊंच्या हुजुरातीसमोर फुटते ती टेबलावरही फुटतेच. पळालेल्यांना मागून नसकची (अब्दालीचे शिस्त राखणारे शिपाई) हाकून परत आणतात, त्यासाठी फासा आहे आणि तो दोनदा चुकलेला मी पाहिलाय. एकदा तर मराठे जिंकले. जिंकलेला माणूस अर्धा तास टेबलापासून हललाच नाही.

तोफगोळा

बरं, मग ठीक. भांडण मागे घेतो. कवड्यांचा तक्ता पाठवा.

जुना_पंच

नकाशेवालींच्या नियमातलं मर्म असं, की कोणती चूक करायची हे त्या सांगत नाहीत. चूक करावीशी वाटेल अशा जागी नेऊन बसवतात. ब्लेनहाइमला मी हेच केलं. 13 ऑगस्ट 1704. फ्रेंचांच्या उजवीकडचं ब्लेनहाइम गाव क्लेराँबोकडे होतं. इंग्रजांचे हल्ले यायला लागले तसा त्याने सेनापती तालारला न विचारता राखीव पलटणी गावात ओढल्या. 27 पलटणी एका गावात, गोळी झाडायला हात वर होईना, आणि मध्यावर इंग्रज सेनापती मार्लबरो येतो तेव्हा तिथे पायदळ जेमतेम. नुसता तालार खेळवला तर हे कधीच होत नाही. म्हणून क्लेराँबो वेगळ्या माणसाला दिला आणि त्याला चिठ्ठीत एकच ओळ लिहिली: "गाव पडलं तर तू हरलास, बाकी कोण जिंकलं याच्याशी तुला घेणं नाही." बिचाऱ्याने 22 पलटणी भरल्या. मी काही बोललो नाही.

बगलबच्चा, तुम्हाला लुकेसी हवाय. आणि पाटी काढा. गावांचीच कशाला, लढाईचीच पाटी काढा.

सावली

अवांतर होईल, पण पालखेड कुणी मांडलंय का? 28 फेब्रुवारी 1728, बाजीराव आणि निजाम.

नकाशेवाली

मांडून पाहिलं, सावली. नकाशावर महिनाभराचा अप्रतिम खेळ होतो. निजामाने जड तोफखाना मागे सोडायचा की नाही इथेच सगळं ठरतं. सोडला की तो वेगाने हलतो आणि पाण्यावाचून कोंडीत सापडतो, नाही सोडला तर बाजीराव त्याला सापडतच नाही. पण टेबलावर शिपाई मांडायची वेळ येते तेव्हा लढाई संपलेली असते. तीनशे स्वार रंगवले होते मी. एकदाही फासा पडला नाही त्यांच्यावर.

बगलबच्चा

मंडळी, उशिराने लिहितोय, पण लिहायलाच हवं असं झालंय.

पंचकाकांचं ऐकलं. ल्युथेनचा नकाशा आरशात धरल्यासारखा उलटवला, मग आडवा फिरवला. उत्तरेची बगल कुठल्या कुठे गेली. गावांना अ, ब, क. कोटांचा रंग कळू नये म्हणून शिपाई डब्यातच, टेबलावर फक्त लाकडी ठोकळे. सांगितलं एवढंच, की 1740 नंतरची काल्पनिक लढाई आहे, पाठीशी एक मोठं शहर आहे, ते राखायचं, आणि शत्रू तुमच्याहून लहान आहे. रविवारी हाताची घडी घालून बसलेल्या त्याच मित्राला मुख्य सेनापती केलं. दुसऱ्या एकाला बगलेचा सरदार करून आतल्या खोलीत बसवलं, बोलणं फक्त माझ्या हातून जाणाऱ्या चिठ्ठ्यांनी. त्याला काकांसारखीच एक ओळ: "तुझी बगल फुटली तर तू हरलास."

पहिल्या दोन चालीत पुढच्या गावातून त्याची घोडदळाची तुकडी उधळली गेली. मग शत्रूचे सहा ठोकळे सरदाराच्या समोर आले. आतल्या खोलीतून चिठ्ठी: "समोर मोठं सैन्य. कुमक हवी." मित्राने वाचून बाजूला ठेवली. पुढच्या चालीत दुसरी. मग तिसरी, तिच्यात अक्षर इतकं वाकडं की मलाच वाचून दाखवावी लागली. दरम्यान टेकड्यांच्या आडचे ठोकळे मी टेबलावरून उचलून घेतले होते, कारण त्याला ते दिसणं शक्य नव्हतं. त्याने ते जाताना पाहिलं. "निघाले वाटतं," म्हणाला. आणि राखीव फौजेचे सगळे ठोकळे दोन्ही हातांनी उचलून सरदाराच्या दिशेला ढकलायला लागला.

मी सरबत आणायच्या निमित्ताने उठलो. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

घाव पडला तेव्हा तो चिडला नाही, कामाला लागला. फळी वळवली, वळताना पलटणी एकमेकांत अडकल्या, ठोकळे तिहेरी-चौपदरी साचले. मधलं गाव धरलं. आणि त्या गावात मी, माझीच चूक, एक भिंतवाली चौकट ठेवली होती. तो विचारतो, "हे काय आहे?" म्हटलं, "चर्चचं आवार. भिंत जाड आहे." तो गप्प झाला. मान वाकडी करून नकाशा एका बाजूने बघितला, मग दुसऱ्या. मग उठून टेबलाच्या पलीकडे गेला आणि तिथून बघितला.

"हरामखोरा," म्हणाला, "हे ल्युथेन आहे."

राखीव फौज तेव्हा त्या गावापासून जवळजवळ एक मीटर लांब होती. पायदळाची चाल दहा सेंटिमीटर, उरलेल्या चाली सहा. त्याला हे सगळं माहीत होतं, तरी पट्टी घेऊन मोजलं त्याने. दोनदा.

नवशिक्या_फासे

मग? पुढे काय झालं?

बगलबच्चा

उशीर झाला म्हणून तिथेच थांबलो. टेबल तसंच आहे, वर चादर टाकली आहे. तो म्हणतो वळलेल्या फळीचं घोडदळ अजून शाबूत आहे, रविवारी ते तो प्रशियनांच्या बगलेवर घालणार आहे. लुकेसीनेही तेच केलं होतं आणि टेकडीआड थांबलेल्या प्रशियाच्या ड्रीझनच्या रिसाल्याने त्याला आडवं कापलं, हे त्याला आता अर्थातच आठवतंय. तरी घालणार म्हणतो.